स्क्रूला हात लावण्याआधी: कार्बोरेटरच्या गाडीचं स्टार्टिंग आणि ट्युनिंग

१ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचे भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले आणि शोरूममधल्या जवळपास सगळ्या नव्या मोटरसायकली कार्बोरेटर सोडून इंजेक्शनच्या झाल्या. तरी चोपडा, साक्री किंवा शहाद्याला बाजाराच्या दिवशी लागलेल्या गाड्यांची रांग पाहा. जुन्या स्प्लेंडर, पॅशन, प्लॅटिना, सीटी हंड्रेड, पहिल्या पिढ्यांतल्या पल्सर अजून भरपूर दिसतात. त्या दुधाचे कॅन वाहतात, केळीच्या बागेत खताची गोणी पोचवतात आणि मोठ्या भावाकडून धाकट्याकडे येतात. अशी गाडी ज्याच्या किंवा जिच्या हाती नुकतीच आली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

गॅरेजवर येणाऱ्या माणसाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "भाऊ, गाडी चालू व्हत नही, कारबेटर पाहा जरा." आणि पुष्कळदा कार्बोरेटर निर्दोष असतो. एअर फिल्टर धुळीने बुजलेला असतो, प्लग काळा पडलेला असतो, नाहीतर टाकीत पाणी गेलेलं असतं. अशा गाडीचे स्क्रू फिरवले की मूळ दोष तसाच राहतो आणि वर ट्युनिंगही बिघडतं. म्हणून क्रम पाठ करा: आधी हवा, मग पेट्रोल, मग करंट आणि सगळ्यात शेवटी स्क्रू.

आत काय चालतं

एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. हे प्रमाण राखणं हे कार्बोरेटरचं काम. मधला गळा अरुंद असतो. इंजिन हवा ओढतं, गळ्यात तिचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. त्या कमी दाबामुळे खालच्या वाटीतलं पेट्रोल जेटमधून, म्हणजे बारीक भोकाच्या पितळी तुकड्यातून, वर खेचलं जातं आणि तुषार होऊन हवेत मिसळतं. वाटीतली पातळी पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट सांभाळतो. पातळी वर आली की फ्लोट एक पिन वर ढकलतो आणि टाकीतून येणारं पेट्रोल थांबतं.

नवशिक्याने यातली एक गोष्ट नीट समजून घ्यावी. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलच्या वाटा एकापेक्षा जास्त आहेत आणि रेस किती उघडली आहे त्यावर कोणती वाट कामाला लागते ते ठरतं. रेस बंद असताना आणि साधारण पाव भाग उघडेपर्यंत स्लो जेट आणि हवा-पेट्रोलचं मिश्रण ठरवणारा मिक्स्चर स्क्रू यांचं राज्य असतं. पावपासून पाऊणपर्यंत स्लाइडला, म्हणजे रेस दिली की वर उचलल्या जाणाऱ्या झडपेला, लटकलेली निमुळती नीडल पेट्रोल ठरवते. पाऊणच्या पुढे मेन जेट. म्हणजे जळगाव-धुळे हायवेवर पूर्ण रेस दिल्यावर गाडी दम तोडत असेल, तर मिक्स्चर स्क्रू कितीही फिरवून उपयोग नाही. तो त्या दोषाच्या वाटेवरच नाही. कोणत्या रेसला त्रास होतो हे गाडी चालवणाऱ्याने नीट सांगितलं, तर मिस्त्रीचं निम्मं काम झालेलं असतं.

सकाळची पहिली किक

डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडे पारा कधी कधी दहाच्या खाली जातो. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ते मॅनिफोल्डच्या, म्हणजे कार्बोरेटरपासून इंजिनापर्यंतच्या नळीच्या, भिंतींना चिकटून राहतं. म्हणून थोडा वेळ जास्त पेट्रोल द्यावं लागतं आणि त्यासाठी चोक असतो. चोकची कळ काही गाड्यांत हँडलवर, तर काहींत कार्बोरेटरलाच असते. कोणत्या बाजूला ओढल्यावर तो लागतो हे गाडीगणिक बदलतं, ते एकदा पाहून ठेवा.

पेट्रोलचा कॉक चालू करा आणि दहा-पंधरा सेकंद थांबा, वाटी भरू द्या. रात्रभर उभ्या गाडीत हा वेळ फार मोलाचा आहे. चोक पूर्ण ओढा. चावी बंद ठेवून एक-दोन किक सावकाश मारा. मग चावी चालू करून, रेसला हात न लावता, पूर्ण लांबीची दमदार किक मारा. रेस न देण्याला कारण आहे. काही कार्बोरेटरमध्ये चोक ही पेट्रोलची वेगळी जादा वाट असते आणि रेस बंद असतानाच तिथे पुरेशी ओढ तयार होते. रेस पिळली की ती ओढ जाते आणि चोक असून नसल्यासारखा होतो. सेल्फ स्टार्ट असेल तर एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त बटण दाबून ठेवू नका, मधे बॅटरीला उसंत द्या.

गाडी चालू झाली की चोक अर्धा करा आणि इंजिन स्वतःहून नीट फिरू लागलं की बंद करा. हिवाळ्यात मिनिटभर लागेल, मे महिन्यात चोकची गरजही पडणार नाही. चोक लावूनच कॉलेजपर्यंत गाडी नेणारी मुलं दिसतात. त्याने ॲव्हरेज जातं, प्लग काळा होतो आणि जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन टाकतं. ते ऑइल गेलं की पिस्टनच्या रिंगा झिजतात.

भुसावळच्या उन्हातली गरम गाडी

मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा तक्रार उलटी असते. गाडी लांबून आली, दहा मिनिटं उभी केली आणि आता चालूच होत नाही. उभ्या इंजिनाची उष्णता कार्बोरेटरला चढते, वाटीतलं पेट्रोल उकळून गळ्यात येतं आणि सिलिंडरमध्ये पेट्रोलची दाटी होते. अशा वेळी चोक ओढणं म्हणजे आणखी पेट्रोल ओतणं. चोक बंद ठेवा, रेस थोडी उघडून किक मारा. तरी नाही झाली आणि प्लगजवळ पेट्रोलचा वास आला, तर कॉक बंद करा, रेस पूर्ण उघडा आणि पाच-सात किक मारा, म्हणजे आतलं जास्तीचं पेट्रोल बाहेर पडेल. इंजिन पेटलं की लगेच रेस सोडा आणि कॉक चालू करा. तेही जमलं नाही तर प्लग काढून कोरडा करा.

गाडी सावलीत लावता आली तर लावा. उन्हात कित्येक दिवस उभ्या असलेल्या गाडीच्या वाटीतलं पेट्रोल उडूनही जातं आणि मागे चिकट थर उरतो.

ट्युनिंगच्या आधीची तपासणी

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बहुतेक गाड्या इथेच दुरुस्त होतात.

एअर फिल्टर. खान्देशातली काळ्या मातीची धूळ फार बारीक असते आणि कापसाच्या हंगामात जिनिंगच्या परिसरात तंतूही उडतात. शेतरस्त्यावर रोज फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर कंपनीच्या वेळापत्रकापेक्षा खूप आधी बुजतो. फोमचा फिल्टर असेल तर रॉकेलमध्ये किंवा साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, थोडं ऑइल लावून घट्ट दाबून काढा. मुरडून पिळू नका, फोम फाटतो. कागदी फिल्टर धुऊ नका आणि त्याला ऑइलही लावू नका, तो बदलायचाच असतो. फिल्टर काढून टाकून "गाडीला हवा चांगली मिळते" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. तीच धूळ सिलिंडर घासते आणि हवेचं प्रमाण बिघडतं ते वेगळंच.

पेट्रोल. वाटीच्या तळाला एक ड्रेन स्क्रू असतो. कॉक बंद करून तो ढिला करा आणि वाटीतलं पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्या. तळाला वेगळा थर किंवा गोळे दिसले तर ते पाणी. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी शोषतं. पाणी मर्यादेबाहेर गेलं की ते इथेनॉलसह वेगळं होऊन तळाला बसतं, म्हणजे नेमकं जिथून पेट्रोल उचललं जातं तिथे. जुन्या गाड्यांची रबरी रिंग आणि फ्लोट पिनचं रबरी टोक अशा पेट्रोलसाठी बनलेलं नसतं. ते फुगतं किंवा कडक होतं आणि गाडी ओव्हर व्हायला, म्हणजे वाटीतून पेट्रोल ओसंडायला लागते. शिवाय इथेनॉल जळायला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण थोडं पातळ पडतं (पेट्रोल कमी, हवा जास्त; याच्या उलट ते दाट). हे पुढे ट्युनिंग करताना लक्षात राहू द्या.

टाकीच्या झाकणाला हवेचं बारीक छिद्र असतं. चिखल-धुळीने ते बुजलं की काही किलोमीटर गेल्यावर गाडी गुदमरून बंद पडते. झाकण उघडल्यावर फुस्स आवाज आला आणि गाडी लगेच चालू झाली, तर दोष सापडला. गोठ्यात किंवा शेडमध्ये उभ्या गाडीच्या कार्बोरेटरच्या नळीत कुंभारीण माशी मातीचं घर करते, तेही पाहा.

करंट. प्लग काढून कॅपमध्ये घाला, त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवा आणि किक मारा. निळसर, ठसठशीत ठिणगी हवी. प्लगच्या भोकापासून आणि सांडलेल्या पेट्रोलपासून प्लग दूर धरा, ही ठिणगी वाफेला पेटवू शकते.

केबल. रेसच्या मुठीत दोन ते सहा मिलिमीटर ढिलेपणा असावा. गाडी स्लोवर, म्हणजे रेस न देता चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे आणि उजवीकडे वळवा. आवाज चढला तर केबल ओढली जाते आहे.

हवेची गळती. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या जोडावर, गाडी चालू असताना, पाण्याचा हलका फवारा मारा. स्लो बदलला तर जोडातून हवा शिरते आहे. त्या जोडाची रबरी रिंग बदलल्याशिवाय ट्युनिंग टिकणार नाही.

टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या दांडीमधलं, अंतर थंड इंजिनावर तपासून घ्या. ते जमत नसेल तर मिस्त्रीकडून करून घ्या, पण ते ट्युनिंगच्या आधी.

आता स्क्रू

कार्बोरेटरवर बाहेरून फिरवायचे स्क्रू दोन. एक स्लोचा, तो स्लाइडला किंवा बटरफ्लायला (गळ्यातल्या फिरत्या चकतीला) किती उघडं ठेवायचं ते ठरवतो. आत पिळला की आवाज चढतो. दुसरा मिक्स्चरचा. हा कुठे आहे त्यावर त्याची दिशा ठरते आणि घोटाळा इथेच होतो. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा: आत पिळला की हवा कमी होते आणि मिश्रण दाट होतं. स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा: आत पिळला की मिश्रण पातळ होतं. आपल्या गाडीत कोणता आहे हे आधी पक्कं करा. २०१७ नंतरच्या बऱ्याच गाड्यांत या स्क्रूवर कंपनीने टोपी बसवलेली असते. ती फोडू नका, अशी गाडी मिस्त्रीकडे न्या.

१. गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून आणा. थंड इंजिनावर केलेलं ट्युनिंग गरम झाल्यावर चुकतं. मग सपाट जागी, उघड्यावर, मेन स्टँडवर लावा. बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो आणि त्याला वास नसतो.

२. इंजिन बंद करा. मिक्स्चर स्क्रू आत पिळत जा आणि तो हलकेच टेकेपर्यंत किती फेरे झाले ते मोजून लिहून ठेवा. हीच परतीची वाट. टेकल्यावर जोर लावू नका, टोक दबलं तर कार्बोरेटर कायमचा बिघडतो.

३. स्क्रू दीड ते दोन फेरे बाहेर काढा. बहुतेक गाड्या इतक्यावर चालू होतात. मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच घ्या.

४. गाडी चालू करा, स्लोच्या स्क्रूने आवाज जरा चढा ठेवा.

५. मिक्स्चर स्क्रू पाव-पाव फेरा आत घ्या. प्रत्येक वेळी पाच-सहा सेकंद थांबा, इंजिनाला उत्तर द्यायला तेवढा वेळ लागतो. आवाज अडखळू लागला की थांबा. आता तसाच पाव-पाव फेरा बाहेर काढा. आवाज आधी चढेल, एकसारखा होईल आणि पुढे कधीतरी पुन्हा जड किंवा अस्थिर होईल. या दोन टोकांच्या मधे जिथे इंजिन सगळ्यात वेगाने आणि एकसारखं फिरतं, तिथे स्क्रू ठेवा.

६. स्लोचा स्क्रू सोडून आवाज खाली आणा. १०० ते १२५ सीसीच्या बहुतेक गाड्यांना मिनिटाला १३०० ते १५०० फेऱ्यांच्या आसपास स्लो मानवतो. मीटर नसेल तर कान लावा: ठोके वेगवेगळे ऐकू येतील इतके मोकळे, पण गाडी बंद पडेल असं वाटू नये. ॲव्हरेजच्या हव्यासापोटी फार खाली आणला तर सिग्नलला गाडी बंद पडते आणि स्लोवर इंजिनाला ऑइलही नीट पोचत नाही.

७. रेस झटकन द्या आणि सोडा. आवाज लगेच चढून लगेच खाली यायला हवा. रेस देताना घुटमळला तर मिश्रण पातळ आहे, आठवा भाग फेरा दाट करा. रेस सोडल्यावर आवाज वरच लोंबकळत राहिला तर तेही पातळपणाचं लक्षण, नाहीतर केबल किंवा हवेची गळती. आवाज खाली येताना नेहमीच्या स्लोपेक्षा खाली बुडून मग सावरला तर दाट आहे.

स्क्रू अर्ध्या फेऱ्याच्या आतच टेकायला आला किंवा तीन फेरे बाहेर काढूनही फरक पडेना, तर ट्युनिंग थांबवा. स्लो जेट बुजलेला आहे किंवा त्याचा आकार चुकीचा आहे. फक्त चोकवर चालणारी आणि चोक काढताच बंद पडणारी गाडी हेच सांगत असते.

प्लग काय सांगतो

ट्युनिंगनंतर वीस-पंचवीस किलोमीटर नेहमीसारखी गाडी चालवा आणि प्लग काढून पाहा. आतलं पांढरं इन्सुलेटर बिस्किटी किंवा फिकट विटकरी दिसलं तर ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रण दाट. ओला, तेलकट काळा म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल येतंय, त्यात कार्बोरेटरचा दोष नाही. अगदी पांढराफटक प्लग सगळ्यात धोक्याचा. मिश्रण पातळ आहे आणि इंजिन तापतं आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, मागे माणूस आणि पुढे पोतं घेऊन हायवेला चालवलेली पातळ गाडी पिस्टन जाम करू शकते. ॲव्हरेज वाढवायला गाडी पातळ करून घेणारे बरेच जण असतात. दोन-तीन किलोमीटरच्या हिशेबात इंजिनाचं काम काढणं परवडत नाही. शंका असेल तर जराशी दाट ठेवा.

धुराची तपासणी करणाऱ्या पीयूसी केंद्राचाही उपयोग करून घ्या. १ एप्रिल २००० नंतर बनलेल्या फोर स्ट्रोक दुचाकीला स्लोवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ४५०० पीपीएम आहे, भारत स्टेज चारपासून ती आणखी कडक आहे. कागद घेऊन खिशात घालण्याआधी मोनॉक्साइडचा आकडा वाचा. तो जितका चढा तितकं स्लोचं मिश्रण दाट. हायड्रोकार्बन जास्त आणि मोनॉक्साइड कमी असेल तर गाडी मिस मारते आहे, म्हणजे अधूनमधून पेट्रोल न पेटताच बाहेर जातं आहे; प्लग आणि मिश्रणाचा पातळपणा तपासा.

उघडायची वेळ आलीच तर

गाडी ओव्हर होत असेल किंवा स्लो जेट बुजला असेल, तर वाटी खोलावी लागते. आधी मोबाईलवर प्रत्येक बाजूचा फोटो काढा. जवळपास बिडी, चूल, देवाचा दिवा काही नको. स्क्रू मऊ असतात, त्यामुळे नेमक्या मापाचा स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि दाबून फिरवा. नाहीतर डोकं घासून गोल होतं. जेट पितळेचे असतात आणि स्लो जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरहून बारीक असतं. त्यात सुई, टाचणी किंवा तार घालू नका. भोक नजरेला न दिसण्याइतकं मोठं झालं तरी मिश्रण कायमचं दाट होतं. कार्बोरेटर क्लीनर फवारा, कॉम्प्रेसरची हवा मारा आणि फारच चिकट असेल तर विजेच्या वायरमधला तांब्याचा एकच केसासारखा धागा वापरा. डोळ्यांवर चष्मा असू द्या, क्लीनर दुसऱ्या भोकातून उलटा येतो. फ्लोटची पट्टी वाकवू नका.

पल्सरसारख्या काही गाड्यांत वरच्या झाकणाखाली काळ्या रबराचा पातळ पडदा असतो. तो उजेडाकडे धरून पाहा. बारीक चीर पडली तरी पिकअप जातो. त्या पडद्याला क्लीनर लागू देऊ नका.

जोडताना स्लाइडची खाच जागेवर बसली पाहिजे. गाडी चालू करण्याआधी रेस पिळून सोडा, स्लाइड 'टक्' आवाज करून खाली बसायलाच हवी. ती अडकली असेल आणि तुम्ही किक मारली, तर इंजिन पूर्ण रेसवर सुटतं.

ऋतू बदलला की

१० अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा सुमारे एक दशांशाने विरळ असते. हिवाळ्यात नीट बसवलेली गाडी मे महिन्यात म्हणूनच थोडी दाट वाटते, आणि उन्हाळ्यात पातळ करून घेतलेली गाडी थंडीत खोकते. वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर आणि होळीनंतर, पाव फेऱ्याच्या आत हिशेब जुळवून घेतला तरी पुरे. तोरणमाळला जाताना गाडी वर चढली की सुस्त होते, तेही हवा विरळ झाल्यामुळे. तिथे स्क्रू फिरवत बसू नका, खाली उतरल्यावर ती आपोआप पूर्ववत होते.

गाडीचा मालक कामासाठी सुरतला किंवा पुण्याला गेला आणि गाडी घरीच राहणार असेल, तर निघण्याआधी कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, मग ड्रेन स्क्रूने वाटीतलं उरलेलं पेट्रोल काढून घ्या. टाकी पत्र्याची असेल तर ती वरपर्यंत भरून ठेवा, म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही आणि गंज धरत नाही. कार्बोरेटरच्या नळ्यांच्या तोंडाला बारीक जाळी बांधा. परत आल्यावर दोन-तीन महिने झाले असतील, तर टाकीत थोडं ताजं पेट्रोल घाला, वाटी एकदा भरून रिकामी करा आणि मगच चोक ओढून किक मारा.